पुस्तक महोत्सवात बोलायचं आहे आणि छातीत धडधडतंय: लेखकासाठी तयारीचा आराखडा

स्थानिक पुस्तक महोत्सवाचं आमंत्रण आलं की लेखकाला आधी आनंद होतो आणि तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो. एकट्याने बसून, एकेक वाक्य चार-चारदा खोडून लिहायची सवय असलेल्या माणसाला इथे सगळ्यांदेखत एकदाच बोलायचं असतं, आणि बोललेलं खोडता येत नाही. त्यात महोत्सव स्थानिक असला की समोरचे निम्मे चेहरे ओळखीचे: शेजारी, जुने शिक्षक, ऑफिसातली माणसं, कादंबरीतल्या पात्रांमध्ये स्वतःला शोधणारे नातेवाईक. अनोळखी सभागृहापेक्षा हे जास्त जड जातं, कारण ही माणसं उद्याही भेटणार असतात.

ही भीती सर्वांत जास्त पोसली जाते ती न ठरलेल्या गोष्टींवर. माइक हातात धरायचा की समोर असणार, ओळख कोण करून देणार, पहिलं वाक्य कोणतं, वाचायचं किती, कुणी आडवा प्रश्न विचारला तर काय; यातलं काहीच ठरलेलं नसलं की मन रात्र-रात्र तेच दळत बसतं. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आधी ठरवून टाकता येते. मग उरते ती शरीराची धडधड, आणि तिच्यासाठीही पहिली दोन-तीन मिनिटं राखून ठेवता येतात.

## अंगात नेमकं काय चालतं

लोकांसमोर बोलणं हा इतका हमखास ताण आहे, की संशोधकांना प्रयोगशाळेत ताण निर्माण करायचा असतो तेव्हा ते तोच वापरतात. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ साली मांडलेल्या आणि आजही वापरात असलेल्या चाचणीत माणसाला निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर काही मिनिटं भाषण करायला आणि मग मोठ्याने तोंडी वजाबाकी करायला लावतात. तेवढ्याने बहुतेकांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात स्रवणारं संप्रेरक, वाढतं. तेव्हा तुम्हाला भीती वाटते याचा तुमच्या पुस्तकाच्या दर्जाशी काही संबंध नाही.

ॲड्रिनलिन वाढलं की लाळ कमी होते, म्हणून जीभ टाळ्याला चिकटते. रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून बोटं गार पडतात. स्नायू ताणलेले असतात, म्हणून हातातला कागद थरथरतो. श्वास पोटातून छातीत चढतो आणि वाक्याच्या शेवटी हवाच उरत नाही, म्हणून आवाज बारीक होतो. हे सगळं शिगेला पोहोचतं ते व्यासपीठावर जाण्याच्या जरा आधी आणि बोलण्याच्या पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत. त्यानंतर बहुतेकांच्या बाबतीत ते उतरू लागतं. नवख्या वक्त्याची गफलत इथेच होते. सुरुवातीची धडधड जाणवली की तो समजतो, आता पुढची चाळीस मिनिटं हे असंच चालणार.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवण्यासारखी आहे. आतली धडधड बाहेर दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त दिसते, असं वक्त्याला वाटतं. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बोलणाऱ्यांना एवढंच आधी समजावून सांगितलं होतं, तर त्यांची भाषणं स्वतः त्यांना आणि ऐकणाऱ्यांनाही जास्त चांगली वाटली. तिसऱ्या रांगेतून तुमचे गुडघे दिसत नाहीत.

## होकार कळवतानाच विचारून घ्या

लेखक भिडेखातर प्रश्न विचारत नाहीत आणि मग शेवटच्या दिवशी कळतं की एकट्याचं व्याख्यान समजून गेलो तो चौघांचा परिसंवाद आहे. आयोजकांना हे प्रश्न आवडतात, त्यांचंच काम सोपं होतं. साधारण महिनाभर आधी एकाच मेलमध्ये पुढच्या गोष्टी विचारा:

- सत्र कसलं आहे: एकट्याचं बोलणं, मुलाखत, परिसंवाद की अभिवाचन? एकूण मिनिटं किती आणि त्यात प्रश्नोत्तरं धरली आहेत का?
- जागा बंद सभागृह आहे की मंडप? शेजारी त्याच वेळी दुसरं सत्र आहे का?
- माइक कसला? पोडियम, टेबल की नुसत्या खुर्च्या? वाचायला पुरेसा उजेड आहे का?
- ओळख कोण करून देणार आणि मुलाखतकार कोण? त्यांच्याशी आधी फोनवर बोलता येईल का?
- चित्रीकरण होणार आहे का आणि ते कुठे टाकणार?
- पुस्तकं विक्रीला कोण ठेवणार, स्वाक्षरीचं टेबल कुठे?

ओळख स्वतःच लिहून पाठवा. सत्तर-ऐंशी शब्द पुरेत. पुस्तकाचं नाव, तुमच्या नावाचा उच्चार, आणि श्रोत्याला कान टवकारायला लावेल अशी एखादी गोष्ट. नाही पाठवली तर निवेदक कुठल्याशा जुन्या पानावरून उचललेली माहिती वाचतो, तिच्यात चूक असते, आणि तुमचं पहिलं वाक्य ती चूक दुरुस्त करण्यात जातं. भीतीच्या ऐन भरात हा खोळंबा नको.

मुलाखतकाराशी पंधरा मिनिटं तरी बोला. त्याला सांगा की पहिला प्रश्न सोपा आणि ठरलेला असू द्या. बाकीचे त्याला हवे ते विचारू द्यात, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला झोपेतून उठवलं तरी देता आलं पाहिजे.

## वेळेचा हिशेब

पंचेचाळीस मिनिटांचं सत्र म्हणजे बोलायला पंचेचाळीस मिनिटं नव्हेत. ओळख ३ मिनिटं, पुस्तकाबद्दल बोलणं १२, दोन उतारे मिळून ८, प्रश्नोत्तरं १५, आभार २. झाली चाळीस. उरलेली पाच मिनिटं उशिरा सुरू होण्यात आणि माइक इकडून तिकडे देण्यात जातात. ही मोकळीक ठेवली नाही की सूत्रसंचालक चिठ्ठी सरकवतो आणि आधीच घाबरलेला माणूस वेग वाढवतो.

मोठ्याने, ठहरावाने वाचताना मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात. म्हणजे चार मिनिटांचा उतारा जेमतेम साडेचारशे शब्दांचा. तुमचा स्वतःचा वेग मोजा: एक पान घड्याळ लावून वाचा, शब्द मोजा, भागा. प्रत्यक्षात भीतीने वेग वाढतो, त्यामुळे वेळ कमी पडण्याची चिंता जितकी असते तितकीच ती उरण्याचीही. दोन्हींवर एकच उपाय: एक परिच्छेद असा ठरवून ठेवायचा, जो गाळला तरी चालेल आणि घेतला तरी चालेल. त्याच्या समासात पेन्सिलने चौकट करा.

## उतारा निवडणं आणि तो कानासाठी घडवणं

सर्वांत चांगलं लिहिलेलं पान हे वाचायला सर्वांत चांगलं पान असेलच असं नाही. सभेत वाचायचा उतारा असा हवा, की त्याआधीची गोष्ट दोन वाक्यांत सांगता येईल. पाच मिनिटं पार्श्वभूमी सांगून तीन मिनिटं वाचलं, तर ऐकणारा नावांतच अडकतो. पात्रं दोन, फार तर तीन. संवाद असेल तर उत्तम, कारण संवाद वाचताना आवाज आपोआप सैल होतो. शेवट किंवा रहस्य उघड करणारा भाग नको. आणि उतारा संपावा तो उत्सुकता ताणलेली असताना.

पुढची पायरी बहुतेक लेखकांना रुचत नाही, पण ती फार उपयोगाची आहे: छापलेला मजकूर वाचनासाठी बदला. पुस्तक पवित्र आहे, पण वाचनाची प्रत वेगळी असू शकते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्यात ऐकणाऱ्याला सगळं मनात धरून ठेवावं लागतं. समजा, छापील वाक्य असं आहे:

‘गेली सहा वर्षं जिच्या पत्राची तो वाट पाहत होता ती सुमन, पहाटे चारला, अंगणातला पाऊस थांबायच्या आत, स्वतःच दारात येऊन उभी राहिली.’

डोळ्यांना हे चालतं. कानाला ‘जिच्या’पासून ‘ती’पर्यंत थांबावं लागतं आणि वाचणाऱ्याचा श्वासही तिथेच संपतो. वाचनाच्या प्रतीत ते असं करता येईल:

‘पहाटेचे चार वाजले होते. अंगणात पाऊस होता. आणि दारात सुमन उभी होती. सहा वर्षं तो तिच्या पत्राची वाट पाहत होता.’

चार वाक्यं, चार श्वास. भीतीने श्वास आखूड झालेला असताना हीच वाक्यं तुम्हाला तारतात. संवादांतही असंच. ‘तो म्हणाला’, ‘ती उत्तरली’ हे वाक्यामागून येत असेल तर कोण बोललं ते ऐकणाऱ्याला उशिरा कळतं; नाव आधी आणा किंवा आवाजातल्या फरकाने ते कळत असेल तर काढूनच टाका.

मग पेन्सिल घ्या. श्वास घ्यायच्या जागी एक तिरकी रेघ, थांबायच्या जागी दोन, जोर द्यायच्या शब्दाखाली अधोरेखा. वाचताना दरवेळी अडखळायला होतं असा शब्द सापडला की बदला. घरी जिथे जीभ अडते तिथे ती व्यासपीठावर नक्की अडते.

आत्मपर लेखन असेल तर आणखी एक काळजी. आई गेल्याचं पान वाचताना गळा दाटून येतो आणि पुढे वाचवत नाही. तो उतारा वाचायचाच असेल तर मोठ्याने वीसेक वेळा वाचा, म्हणजे शब्दांची पहिली धार जरा कमी होते. तरी दाटून आलं तर थांबा, नजर वर करा, पाण्याचा घोट घ्या, आणि त्या ओळीपासून पुन्हा सुरू करा. श्रोते थांबतात. दुसरा, हलका उतारा खूण घालून हाताशी ठेवलेला असू द्या.

## कागद

वाचनाची प्रत १६ ते १८ पॉइंटात, दीड किंवा दुप्पट ओळींतराने, पानाच्या एकाच बाजूला छापा. पानांना मोठे आकडे घाला, पण स्टेपल करू नका. वाचून झालेलं पान बाजूला सरकवता आलं पाहिजे. वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपू नये. पानाचा खालचा तृतीयांश भाग कोरा सोडा, नाहीतर तिथवर वाचताना मान खाली जाते, हनुवटी गळ्याला टेकते आणि आवाज कोंडतो.

हात थरथरत असतील तर सुटा, पातळ ए-फोर कागद हा शत्रू आहे: बोटांची बारीक थरथर कागदाच्या दुसऱ्या टोकाला मोठी दिसते, आणि माइकजवळ तो फडफडतोही. पानं कडक फाइलमध्ये ठेवा किंवा आतल्या पानांवर वाचनाची प्रत चिकटवलेलं पुस्तकच हातात घ्या. पुस्तक जड असतं, थरथर गिळतं, आणि समोरच्यांना मुखपृष्ठही दिसतं. मोबाइलवरून वाचू नका. स्क्रीन बंद होते, बोट चुकून भलतीकडे लागतं, आणि घामेजलेल्या बोटाने पान सरकत नाही.

बोलण्याच्या भागासाठी एकच पोस्टकार्डाएवढं कार्ड. त्यावर पहिलं वाक्य पूर्ण, मग पाच-सहा मुद्द्यांचे नुसते शब्द, मग शेवटचं वाक्य पूर्ण. सगळं भाषण पाठ करू नका. पाठ केलेल्यात एक शब्द निसटला की मागचे सगळे अडतात. पाठ करायची ती फक्त पहिली तीन वाक्यं, आणि ती इतकी, की डोकं रिकामं झालं तरी तोंड बोलेल.

## सराव कसा करायचा

मनातल्या मनात वाचणं हा सराव धरू नका. उभं राहून, मोठ्याने, त्या दिवशी घालणार आहात त्याच चपला-बुटांत, घड्याळ लावून करा. दोन आठवड्यांत सहा-सात वेळा पूर्ण, त्यातल्या दोन वेळा फोनवर ध्वनिमुद्रण. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून कसंनुसं होतं, कारण आपण एरवी तो डोक्याच्या हाडांतूनही ऐकत असतो. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त दोन गोष्टी पाहा: वाक्याचे शेवट ऐकू येतात का, आणि वेग कुठे पळतो.

शेवटच्या आठवड्यात दोन-तीन माणसांसमोर एकदा तरी वाचा. सर्वांत प्रेमळ माणूस निवडू नका, आणि खुसपट काढणाराही नको. त्यांना एकच विचारा: ‘कुठे लक्ष उडालं?’ तिथे कापा. जमलं तर महोत्सवातलं आदल्या दिवशीचं एखादं सत्र त्याच जागी शेवटच्या रांगेत बसून ऐका. जागा, उजेड, पंख्यांचा आवाज, लोकांची ये-जा आधी पाहिलेली असली की तुमच्या वेळेला ती अंगावर येत नाही.

## माइक

भीतीबद्दलच्या लेखात माइकवर इतकं कशाला, असं वाटेल. पण आपला आवाज पोहोचत नाहीये असं वाटलं की लेखक ओरडू लागतो, घसा ताणतो, श्वास संपतो आणि घाबरटपणा दुप्पट होतो. माइक नीट धरला की घरच्यासारख्या आवाजात बोलता येतं.

हातातला माइक ओठांपासून ५ ते १० सेंटिमीटरवर, हनुवटीच्या जरा खाली, वर तोंड केलेला. ओठांसमोर अगदी सरळ धरला तर ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘भ’ यांच्या हवेचा धक्का बसून ठोका ऐकू येतो. जाळीवर मूठ आवळू नका, आवाज बोदा होतो आणि शिट्टी वाजते. मान वळवली की माइकही बरोबर वळला पाहिजे. एका हातात माइक आणि दुसऱ्यात पुस्तक असेल तर पान उलटायला तिसरा हात लागतो. म्हणून उभ्या स्टँडची मागणी आधीच करून ठेवा. सरावही तसाच करा, हातात माइकऐवजी पेन धरून.

पोडियमवरच्या लवचिक दांड्याच्या माइकपासून १५ ते २० सेंटिमीटरवर राहा आणि बोलायला सुरुवात करण्याआधी, शांतपणे, तो आपल्या तोंडाकडे वळवून घ्या. कपड्याला लावायचा माइक हनुवटीच्या वीतभर खाली लागतो. त्यावर माळ, ओढणी किंवा गळ्यातलं ओळखपत्र घासलं की खरखर ऐकू येते, आणि त्याची डबी अडकवायला कमरेला पट्टा किंवा खिसा लागतो. कपडे निवडताना हे लक्षात ठेवा.

तपासणीला टकटक करू नका, फुंकरही मारू नका. तुमच्या उताऱ्याची पहिली ओळ बोला. शिट्टी वाजू लागली तर तुम्ही स्पीकरच्या पुढे उभे आहात. दोन पावलं मागे या. आणि बोलून झाल्यावर माइक चालूच आहे असं धरून चाला.

## त्या दिवशी

सत्राच्या पाऊण तास आधी पोहोचा. पहिली दहा मिनिटं जागा आणि माइक, मग मुलाखतकार, मग स्वच्छतागृह. चहा-कॉफी नेहमीइतकीच, रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर डोकं दुखतं आणि जास्त घेतली तर धडधडीत भर पडते. पोट रिकामं नको आणि जडही नको. पाणी साध्या तापमानाचं, घोटाघोटाने.

अर्धा तास उरला की कार्ड आणि पानं मिटा. या वेळेत केलेली सुधारणा हमखास अडखळवते. आवाज मोकळा करायला दोन मिनिटं तोंड मिटून गुणगुणा, मग ओठांतून ‘ब्रर्रर्र’ आवाज काढत स्वर खालून वर आणि वरून खाली न्या. खांदे कानांपाशी गेलेले असतील, ते मुद्दाम वर ओढा आणि सोडून द्या.

श्वासाचं साधं सूत्र: उच्छ्वास श्वासापेक्षा लांब. नाकाने चार मोजेपर्यंत आत, ओठांचा चंबू करून सहा ते आठ मोजेपर्यंत बाहेर, असं पाच मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून हे चालतं. ‘खोल श्वास घ्या’ एवढाच सल्ला ऐकून घाबरलेला माणूस नुसता आतच ओढत राहतो. मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात.

स्वतःला ‘शांत हो’ म्हणू नका. संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणाआधी ‘मी उत्सुक आहे’ असं मोठ्याने म्हणणाऱ्यांची भाषणं ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. शरीर आधीच पेटलेलं असतं. त्याला विझवण्यापेक्षा त्याच जोराला उत्साहाचं नाव देणं सोपं जातं.

## पहिली दोन मिनिटं

नाव पुकारलं की घाईने बोलायला लागू नका. चालत जा, पुस्तक ठेवा, पाण्याचा पेला उजव्या हाताशी घ्या, माइक लावा, पाय खांद्यांइतके दूर ठेवून उभे राहा. गुडघे ताठ करू नका. ताठ गुडघ्यांनी बराच वेळ उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि भोवळ येऊ शकते. पाय लटपटत असतील तर मांड्या पाच सेकंद आवळा आणि सोडा. कुणाला दिसत नाही. मग एक पूर्ण उच्छ्वास, आणि पाठ केलेलं पहिलं वाक्य.

ते वाक्य साधं ठेवा. ‘मला बोलायची सवय नाही, सांभाळून घ्या’ अशी सुरुवात केली की श्रोते पुस्तक सोडून तुमच्या चुका शोधू लागतात. पुस्तकातल्या एखाद्या वस्तूपासून, जागेपासून किंवा प्रश्नापासून सुरू करा. आधीच तीन चेहरे हेरून ठेवा, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, मान डोलावणारे. एकेक वाक्य एकेकाला सांगा. कपाळाला आठ्या घालून बसलेल्या माणसाकडे परत-परत पाहू नका. लक्ष देऊन ऐकताना बऱ्याच जणांचा चेहरा तसाच होतो.

एक अपवाद आहे. बोलताना अडखळत असाल, तोतरेपणा असेल, तर सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून टाकणं फायद्याचं ठरतं: ‘मी बोलताना कधी कधी अडतो, त्याला वेळ द्या.’ लपवण्यात जाणारी शक्ती वाचते. आयोजकांना आणि मुलाखतकारालाही आधी सांगा, म्हणजे ते तुमची वाक्यं पूर्ण करायला धावणार नाहीत.

## मध्येच अडलं तर

डोकं एकदम कोरं झालं तर पाण्याचा घोट घ्या. तेवढ्यात चार सेकंद मिळतात. तुम्हाला ती चार मिनिटांसारखी वाटतात, श्रोत्यांना ती जाणवतही नाहीत. मग शेवटचं वाक्य पुन्हा म्हणा. तरी नाही आठवलं तर कार्डावरचा पुढचा शब्द उचला किंवा थेट ‘इथला एक भाग वाचून दाखवते’ म्हणून पुस्तक उघडा. बाकीच्या वक्त्यांकडे ही सोय नसते.

तोंडाला कोरड पडली आणि पाणी लांब असेल तर जिभेची कड दातांनी हळूच दाबा, लाळ सुटते. आवाज फाटला तर वाक्य पूर्ण करून थांबा, श्वास सोडा, पुढचं वाक्य जरा खालच्या पट्टीत सुरू करा. शेजारच्या मंडपातून टाळ्या किंवा घोषणा आली तर तिच्यावर आवाज चढवू नका. थांबा, ती संपू द्या. कुणी मध्येच उठून गेलं तर ते पुढच्या सत्राला निघालं आहे असं समजा. महोत्सवात तसंच असतं.

## प्रश्नोत्तरं

लेखकांना सर्वांत जास्त धास्ती याची असते, आणि तयारीला सर्वांत सोपा भाग हाच आहे, कारण प्रश्न पुनःपुन्हा तेच येतात. कल्पना कुठून सुचते, रोज किती लिहिता, हे तुमच्याच आयुष्यातलं आहे का, प्रकाशक कसा मिळाला, पुढचं काय लिहिताय. प्रत्येकाला मिनिटभराचं उत्तर मोठ्याने बोलून तयार ठेवा.

‘हे तुमच्याच घरातलं आहे का?’ याचं उत्तर घरच्या मंडळींशी आधी बोलून ठरवा. ते समोर बसलेले असतील. एक चालणारी रीत अशी: ‘काही जागा आणि सवयी माझ्या ओळखीच्या आहेत, घटना मी रचल्या आहेत,’ आणि लगेच एखादी रचलेली घटना कशी रचली ते सांगायचं. प्रश्न माणसांवरून लेखनाकडे वळतो.

प्रश्न आला की आधी तो माइकवर पुन्हा सांगा. मागच्या रांगेला ऐकू आलेला नसतो, आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. उत्तर दीड मिनिटाच्या आत संपवा. काही जण प्रश्न न विचारता स्वतःच भाषण करतात. त्यांच्या बोलण्यातला एक शब्द पकडून ‘तुम्ही अमुक म्हणालात, त्यावरून सांगतो’ असं म्हणून पुढे जा. पुस्तकात चूक दाखवली तर वाद घालू नका. ‘पान सांगा, मी तपासून पाहतो’ म्हणा आणि खरंच लिहून घ्या. ठाऊक नसेल तर ‘मला माहीत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे.

सुरुवातीला कुणीच हात वर करत नाही. हा नकार समजू नका. पहिलं कोण, याचा संकोच तुमच्यासारखाच त्यांनाही असतो. मनात सातपर्यंत मोजा. तरी शांतताच असेल तर ‘मला नेहमी विचारतात की...’ म्हणून स्वतःच एक प्रश्न घ्या, किंवा तो पहिला प्रश्न मुलाखतकाराकडे आधीच देऊन ठेवा.

परिसंवादात असाल तर तीनच मुद्दे घेऊन जा आणि सहवक्त्यांच्या पुस्तकांतली निदान काही पानं वाचून जा. दुसऱ्याच्या मुद्द्याला जोडून बोलणं हे कोरं सुरू करण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

## पाचच माणसं आली तर

होतं असं, आणि नामांकित लेखकांच्याही बाबतीत होतं. शेजारी मोठं सत्र असतं, वेळ गैरसोयीची असते. व्यासपीठ सोडून खाली या, खुर्च्या गोल करा, माइक बंद करा. रिकाम्या खुर्च्यांबद्दल एक शब्दही बोलू नका, कारण तो आलेल्यांचा अपमान होतो. लांब उतारा टाळून लवकर प्रश्नांकडे वळा. आलेल्या पाचांपैकी बऱ्याच जणांनी पुस्तक वाचलेलं असण्याची शक्यता जास्त असते.

## स्वाक्षरीचं टेबल

इथे भीती पुन्हा डोकं वर काढते, कारण चेहरा ओळखीचा असतो आणि नाव आठवत नाही. प्रत्येकाला विचारा: ‘नाव कसं लिहू?’ ज्याचं नाव विसरलात त्यालाही हे चालतं. चाचणीसाठी कोरा कागद, शाई न पसरणारी दोन पेनं, आणि आधी ठरवलेला चार-पाच शब्दांचा मजकूर सोबत असू द्या. कुणीच आलं नाही तर टेबलामागे बसून राहू नका. पुस्तकविक्रेत्याशी बोलत उभे राहा.

## भीती यापलीकडची असेल तर

आठवडाआधीपासून झोप उडणं, उलट्या होणं, आमंत्रणं नाकारत राहणं असं होत असेल तर नुसत्या तयारीने भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे जा; भीती पोसणारे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धतीचा (सीबीटी) अशा भीतीवर चांगला उपयोग होतो. काहींना डॉक्टर प्रोप्रानोलोलसारखी गोळी देतात. ती धडधड आणि थरथर कमी करते, पण दमा असलेल्यांना ती धोक्याची ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, मित्राच्या डबीतून तर मुळीच नको, आणि पहिल्यांदा घ्यायची ती सत्राच्या दिवशी नव्हे. मद्याचा ‘एक घोट’ही नको, जीभ जड होते आणि वेळेचं भान सुटतं.

## संपल्यावर

उतरल्यावर तासाभरात चुकांची उजळणी सुरू होते. त्याआधीच, कुठेतरी बसून, दहा मिनिटांत कार्डाच्या मागे लिहून काढा: लोक कुठे हसले किंवा स्तब्ध झाले, कोणता प्रश्न आला जो अपेक्षित नव्हता, उताऱ्याला प्रत्यक्षात किती मिनिटं लागली, माइक कसला होता. एवढं झालं की त्या दिवसापुरता विषय बंद. चित्रफीत त्याच रात्री पाहू नका. दोन दिवस जाऊ द्या आणि पाहताना कार्ड शेजारी ठेवा.

दुसऱ्या दिवशी आयोजक, मुलाखतकार आणि ध्वनिव्यवस्थेच्या माणसाला आभाराचे दोन शब्द पाठवा. वाचनाची प्रत, त्यावरच्या पेन्सिलीच्या खुणा आणि कार्ड एकाच पाकिटात घाला, वर उताऱ्याचं नाव आणि लागलेली मिनिटं लिहा. पुढच्या आमंत्रणाला तोच उतारा घ्या. लेखकाला तो शिळा वाटतो, समोरच्यांसाठी तो नवाच असतो, आणि तुमच्या जिभेला तो आता पाठ आहे.